कुडाला लावलेल्या तुंबड्या

प्रश्न : मी 37 वर्षांची आहे, ठाण्याला राहते आणि गेली 9 वर्षे देवनागरी सुलेखन हाच माझा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठे, दुकानांच्या पाट्या, बोधचिन्हे अशी कामे मी घरूनच करते. या व्यवसायात मी ठरवून आले नाही. कॉलेजात असताना वह्यांच्या शेवटच्या पानांवर अक्षरांशी चाळे करण्याची सवय होती, त्यातून हे सगळे उभे राहिले. आता ते चाळे पूर्णपणे थांबले आहेत. कोरा कागद समोर घेतला की याचे काय करायचे हे आधी ठरवावे लागते. जुनी मजा परत यावी म्हणून जानेवारीत मी 100 दिवस रोज एक अक्षर काढून समाजमाध्यमावर टाकण्याचा उपक्रम सुरू केला. 41व्या दिवशी तो सोडून दिला, कारण संध्याकाळ झाली की ‘आजचे अक्षर राहिले’ याचेच ओझे वाटू लागले. कधी विरंगुळा म्हणून काही केलेच, तर नवरा कौतुकाने म्हणतो, “हे विकता येईल.” सासूबाई मायाळू आहेत, पण मी नुसतीच रंग कालवत बसलेली दिसले की हसून म्हणतात, “रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.” माझी सहा वर्षांची मुलगी मात्र तासन्‌तास अक्षरे काढत बसते; परवा तिने ‘ळ’ला दोन काड्या जोडून त्याचा चष्मा केला आणि मला तिचा चक्क हेवा वाटला. सर्जनशील खेळ शिकवणारी दोन दिवसांची एक सशुल्क कार्यशाळा आहे, ती करावी का? की हा सगळा माझा आळसच आहे?
— कागदापुढे अडलेली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यावर फार वेळ घालवावा असे मला वाटत नाही. हा आळस नाही. आळशी माणूस 100 दिवसांचा उपक्रम 41 दिवस ओढत नाही. तो दुसऱ्याच दिवशी सोडतो आणि त्याबद्दल पत्रही लिहीत नाही. मला तर तुमच्या पत्रात अतिउद्योगीपणा दिसतो. गेलेली मजा परत आणण्याचेसुद्धा तुम्ही एक काम करून टाकलेत, त्याला मुदत घातलीत, रोजचा हिशेब ठेवलात आणि वर प्रेक्षकही बोलावलेत.

आता सासूबाईंच्या म्हणीकडे वळतो, कारण ती वाटते त्यापेक्षा अधिक कामाची आहे. तुंबडी म्हणजे पोकळ शिंगाचे किंवा भोपळ्याचे ते साधन, जे अंगाला लावून न्हावी पूर्वी दुखऱ्या जागेचे रक्त ओढून काढीत असे. गिऱ्हाईक नाही आणि हात तर स्वस्थ बसत नाहीत, म्हणून हा गृहस्थ शेणामातीने लिंपलेल्या कुडालाच तुंबड्या लावीत बसला, अशी ती थट्टा आहे. थट्टा चांगली आहे, पण ती गिऱ्हाइकांनी रचलेली आहे. न्हाव्याला त्या दुपारी कसे वाटत होते हे कोणी विचारलेले दिसत नाही. कूड कण्हत नाही, पैसे देत नाही, ‘जरा डावीकडे सरकवून लावा’ असे म्हणत नाही आणि दुसऱ्या दिवशी तीच तुंबडी थोड्या वेगळ्या रंगात मागत नाही. 9 वर्षे माणसांच्या अंगाला तुंबड्या लावल्यानंतर तुम्हाला आज ज्याची उणीव भासते आहे, तो माझ्या मते हा कूडच आहे.

या ठिकाणी एक घोटाळा दूर करायला हवा. तुम्ही ‘खेळ’ म्हणून जे सुरू केलेत, तो खेळ नव्हता, रियाज होता, आणि तोही चारचौघांसमोर केलेला. बोरू एकाच कोनात धरून पानभर उभे दंड काढणे, ‘क’च्या दोन्ही पोटांतली पांढरी जागा सारखी दिसते का हे पाहणे, जोडाक्षर कोंदट होणार नाही इतकी हवा त्यात ठेवणे, हा रियाज, तो लागतोच आणि तुमच्या हाताला तो आयुष्यभर लागणार आहे. रियाजात चुकले की लगेच कळते, कारण कसे यायला हवे होते हे आधीपासून ठाऊक असते. वहीच्या मागच्या पानांवर तुम्ही जे करत होतात, त्यात कसे यायला हवे हे कोणालाच ठाऊक नव्हते, तुम्हालाही नाही. विश्रांतीचीही गोष्ट वेगळी आहे. थकलेल्या माणसाला झोप पुरते, खेळ त्याला नकोसा वाटतो. तेव्हा तुमची झोप पुरेशी होत नसेल तर हे पत्र येथेच मिटून आधी आठ दिवस नीट झोपावे आणि मग पुढचे वाचावे, असे मी अगदी मनापासून सांगेन.

खेळाची गोडी नेमकी कशाने जाते, याबाबत एक जुना प्रयोग मला नेहमी आठवतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केला आणि 1973 साली प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, रंगीत स्केचपेनांनी आपणहून चित्रे काढण्यात रमणारी मुले त्यांनी निवडली. त्यांपैकी काहींना आधीच सांगण्यात आले की, चित्र काढलेत तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना आधी काहीही न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्रक अचानक हातात ठेवण्यात आले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेने वर्गात सहज म्हणून मांडून ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षीस आधी कबूल केले होते ती मुले, इतर दोन्ही गटांच्या मानाने, साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रेंगाळली. बक्षिसाच्या कबुलीवर त्यांनी काढलेली चित्रेही परीक्षकांना इतरांपेक्षा कमी प्रतीची वाटली होती.

हा प्रयोग सांगणारे बहुतेक लोक त्यातून ‘पैशाने कलेची गोडी जाते’ एवढाच अर्थ काढतात आणि कलेवर पोट भरणाऱ्या माणसाला उगाचच अपराधी करून सोडतात. मला त्यातला मधला गट महत्त्वाचा वाटतो. प्रशस्तिपत्रक त्या मुलांनाही मिळाले होते, अगदी तसेच, फीत आणि चांदणी लावलेले, पण त्यांची गोडी कमी झाली नाही. म्हणजे बाधले ते बक्षीस नव्हे, बाधली ती आधी झालेली बोली. बोली म्हणजे लिलावातली नव्हे. आपण व्यवहारात ‘अशी बोली झाली होती’ म्हणतो ती, आधी ठरलेला सौदा. बालवाडीतली मुले आणि घरखर्च सांभाळणारी 37 वर्षांची व्यावसायिक बाई यांच्यात अंतर आहे हे मी विसरत नाही, परंतु तुमच्या पत्रातल्या प्रत्येक अडचणीला मला हीच बोली चिकटलेली दिसते. नवरा म्हणतो विकता येईल, ती एक बोली. उपक्रमाला प्रेक्षक आहेत, ती दुसरी. आणि ‘खेळलो की व्यवसायातही ताजेपणा येईल’ ही, जी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत पण मनात असणारच, ती सर्वांत चिवट.

हे मला पुस्तकातून कळले असे नाही. संगणक येण्यापूर्वीच्या काळात मी मुंबईतील एका जाहिरातसंस्थेच्या स्टुडिओत अक्षरे काढण्याची नोकरी करत असे. ब्रश शाईत बुडवल्यावर जादा शाई निपटून काढण्यासाठी टेबलाच्या उजव्या कोपऱ्याला एक रद्दी कागद चिकटवलेला असे. दिवसभरात त्या कागदावर हात काय काय उद्योग करतो याकडे माझे लक्षही नसे. ‘ह’ला शेपूट फुटे, ‘ठ’ डोळे वटारी, सुटे रफार पाखरांसारखे कोपऱ्यातून वर उडत जात. संध्याकाळी तो कागद टोपलीत जाई आणि सकाळी नवा चिकटवला जाई. एका दिवाळीच्या आधी आमच्या कलाविभागाच्या प्रमुखांनी असे काही कागद टोपलीतून उचलून नेले आणि त्यांतून एका ग्राहकाचे कॅलेंडर तयार केले. मला आनंद झाला, हातावर चार पैसेही पडले, आणि सांगण्यासारखी गोष्ट ही की त्यामुळे काहीही बिघडले नाही. दुसऱ्या दिवशी रफारांची पाखरे पूर्वीसारखीच उडत होती. बिघडले ते पुढच्या वर्षी, गणपती उठल्यानंतर, ते माझ्या टेबलाशी क्षणभर थांबून ‘यंदाचीही जमवून ठेव हं’ एवढेच म्हणाले तेव्हा. त्या दिवसापासून मी कोपऱ्यातल्या कागदाकडे पाहू लागलो आणि मी पाहू लागल्यावर हात जपून चालू लागला. पंधरा दिवसांत तो कागद निव्वळ शाई निपटण्याचा कागद झाला: आडवे फराटे, बाकी काही नाही. त्यांचा दोष होता असे मी म्हणणार नाही, कारण तेही तुमच्या यजमानांसारखे कौतुकच करत होते.

अशा विषयावर कोणी लिहू लागले की रवींद्रनाथ ठाकुरांचे उदाहरण हमखास येते, आणि तुम्ही अक्षरांचे काम करता म्हणून मलाही ते सांगण्याचा मोह होतो. हस्तलिखितातील खोडलेले शब्द तसेच ओबडधोबड सोडून देणे त्यांना रुचत नसे. ते खोडतोडीचे फराटे एकमेकांना जोडत आणि त्यांतून पक्षी, मुखवटे, कोणत्याच रानात नसलेली जनावरे तयार होत. 1924 साली प्रवासात आजारी पडल्यामुळे त्यांचा अर्जेंटिनात मुक्काम पडला, तेव्हा त्यांच्या यजमानीण व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी कवितांच्या वहीत ही खोडचित्रे पाहिली, आणि 1930 मध्ये, रवींद्रनाथ सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले ते ओकाम्पोंच्याच खटपटीने. गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. पण ती नेहमी शेवटाकडून सांगितली जाते, आणि त्यात एक छुपी फसवणूक आहे. ज्यांच्या खोडचित्रांतून पुढे काही निघाले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात, ज्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या त्यांची नसतात. ही गोष्ट ऐकून तुम्ही मनात म्हणाल की आपणही खोडचित्रे काढून पाहू, कदाचित काही निघेल, आणि असे म्हणता क्षणीच बोली होऊन बसेल.

म्हणून मला नात्याने रवींद्रनाथांचे पुतणे लागणारे अवनींद्रनाथ अधिक जवळचे वाटतात. चित्रकलेतल्या बंगाल शैलीचे अध्वर्यू म्हणून त्यांचे नाव झालेले होते, शिष्य देशभर पसरले होते, मिळवायचे असे काही उरले नव्हते, आणि उतारवयात हे गृहस्थ वाळक्या मुळ्या, फांद्यांचे तुकडे, बांबूची पेरे वेचून त्यांत दडलेले प्राणी, पक्षी आणि माणसे शोधत बसले. त्या खेळण्यांना ते ‘कुटुम-काटाम’ म्हणत. एखाद्या ढलपीत बगळा दिसला तर थोडेसे तासायचे, एखादा तुकडा जोडायचा, की झाला बगळा. कलेच्या इतिहासात त्यांना जी जागा आहे ती या ढलप्यांमुळे नाही आणि त्या नसत्या तरी ती जागा हलली नसती. नेमकी हीच गोष्ट मला त्यांच्याबद्दल सांगावीशी वाटते.

आपल्याच क्षेत्रातले नाव हवे असेल तर र. कृ. जोशी (1936–2008) आहेत. जाहिरातीच्या धबडग्यात असतानाही ते अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ उभा करणाऱ्या दृश्यकविता करत राहिले. पुढे संगणकासाठी त्यांनी ‘मंगल’ हा देवनागरी फाँट घडवला, जो विंडोज वापरणाऱ्या लक्षावधी लोकांनी नाव न पाहता वापरला आहे. त्या कवितांमुळे ‘मंगल’ झाला असे मात्र कोणी म्हणू नये. कवितांनी तसा करार केलेला नव्हता.

पैशाचे एक बोलून पुढे जातो. आठवड्यातला पाऊण तास मोकळा काढणेही तुम्हाला अशक्य वाटत असेल, तर ती खेळाची अडचण नव्हे, दराची आहे. पत्रिकेच्या कामात दोन दुरुस्त्या दरात धराव्यात आणि तिसरीपासून वेगळे पैसे लावावेत. गिऱ्हाईक पहिल्यांदा कुरकुर करते, मग दोन दुरुस्त्यांत त्याचे समाधान होऊ लागते. याविषयी अधिक काही सांगण्याजोगे माझ्याकडे नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. ‘हे विकायचे नाही, हे दाखवायचे नाही’ असे मनाला बजावून फारसा उपयोग होत नाही, कारण 9 वर्षांत मन सोकावलेले आहे. ते हो म्हणते आणि हळूच मांडणी सुधारू लागते. त्यापेक्षा बोली करणे मुळातच अशक्य होईल असे साहित्य निवडावे. मुलीची पाटी घ्या, दगडी असेल तर, प्लॅस्टिकची नको. गॅलरीत न घोटलेली शहाबादी फरशी असेल तर उत्तमच. गुळगुळीत टाइल्स नकोत, त्यांवर पाण्याचे थेंब गोळा होतात आणि रेघ तुटते. वाटीभर पाणी आणि एक इंची चपटा ब्रश पुरे, तोही रंगाऱ्याकडे उरलेला, केस विस्कटलेला चालेल. तुमचा नेहमीचा बोरू किंवा कट निब मात्र कपाटात राहू द्या, कारण ती हत्यारे हातात आली की हाताला गिऱ्हाईक आठवते.

ओला ब्रश दगडावर टेकला की दगड काळाभोर होतो, शाईपेक्षाही काळा. दंड खाली उतरवताना ब्रश जेथे थांबतो त्या पायथ्याशी पाणी साचते आणि ती ओल बराच वेळ टिकते; झरकन ओढलेली शिरोरेषा मात्र सर्वांत आधी उडते. त्यामुळे चौथे अक्षर लिहीत असताना पहिल्याचे डोके गेलेले असते. शिरोरेषा डावीकडून तुटत गेली की ‘म’ हळूहळू ‘भ’कडे झुकतो आणि ‘घ’ ‘ध’कडे. मी एकदा ‘घन’ लिहिले, पाहता पाहता त्याचे ‘धन’ झाले, आणि आणखी थोड्या वेळाने ते धनही गेले. चैत्रातल्या उन्हात हे सारे दोन-चार मिनिटांत आटोपते. पावसाळ्यात अक्षरे वाळतच नाहीत, एकावर एक चढवून लिहावी लागतात आणि सगळा काला होतो; त्या काल्यातही एखादी वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात जाऊन पडलेली सापडते. यातले काहीही ठेवता येत नाही, ही या खेळाची सोय आहे.

ठेवता येत नाही, असे म्हणालो खरे, पण फोन हाताशी असेल तर येते. फोनचा कॅमेरा हे तुमच्या घरातले सर्वांत उतावळे गिऱ्हाईक आहे, तेव्हा त्याला दुसऱ्या खोलीत बसवावे. आठवड्यातून एकदा, पहिल्या ग्राहकाचा निरोप येण्यापूर्वीचा पाऊण तास निवडावा. वार ठरवला तरी हरकत नाही, पण कितवा आठवडा हे मोजू नये आणि एखादा हुकला तर पुढच्या आठवड्यात तो भरून काढू नये. मोजणी सुरू झाली की 41वा दिवस पुन्हा येतो.

पहिल्या दोन-तीन वेळा तुम्हाला बहुधा कंटाळा येईल आणि थोडे हास्यास्पदही वाटेल. वाटीत ब्रश बुडवून फरशीवर बसलेली सदतिशीतली बाई स्वतःलाच बाहेरून पाहत राहील. हे पाहणे एका बैठकीत थांबत नाही. नंतर कधीतरी तुमच्या लक्षात येईल की एखादे अक्षर तुम्ही दुसऱ्यांदा काढता आहात, कारण पहिल्यांदा त्याचा तोल बरोबर साधला नव्हता. तेव्हा समजावे की खेळ संपून रियाज सुरू झाला आहे. त्यात बिघडले काहीच नाही, रियाज ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्या दिवशी ब्रश खाली ठेवून टेबलाकडे जावे आणि तो रियाज शाईने, कागदावर, रीतसर करावा. आणि समजा, एखादा आकार फरशीवरून उडाला पण डोक्यातून उडालाच नाही आणि चार महिन्यांनी एखाद्या मुखपृष्ठावर आपणहून येऊन बसला, तर तो खुशाल बसू द्यावा आणि मुखपृष्ठाचे पूर्ण पैसे घ्यावेत. ते न सांगता मिळालेले प्रशस्तिपत्रक आहे, त्याने कोणाचे नुकसान होत नाही. तो आलाच पाहिजे असे मात्र नाही. पाच वर्षे फरशी ओली करूनही व्यवसायाला त्याचा छदामही उपयोग झाला नाही, असेही होऊ शकते, आणि तुम्हाला हे चालणार नसेल तर ती वेळ दुसऱ्या एखाद्या कामाला द्यावी, असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

यजमानांना रागवू नका. ‘विकता येईल’ हे आपल्याकडे अनेक पुरुषांना येणारे एकमेव कौतुक असते. माझ्या घरीही मी बराच काळ तेच करत होतो. त्यांना समजावून सांगण्यापेक्षा एक ब्रश त्यांच्या हातात द्यावा. स्वतःचे अक्षर वाळून जाताना पाहिलेला माणूस सहसा त्याची किंमत लावत नाही. सासूबाई दारात रांगोळी काढत असतील तर त्यांच्याशी तुमचे भांडण मुळीच नाही, कारण ठिपके जुळवून काढलेले कमळ दुसऱ्या दिवशी त्याच केरसुणीने पुसून टाकणारी बाई रोज सकाळी उंबऱ्याबाहेर तुंबड्याच लावत असते. तिने त्याला कधी खेळ म्हटले नसेल, धर्म म्हटले असेल किंवा सवय म्हटले असेल. एखाद्या सकाळी त्यांच्या शेजारी बसून ठिपके टाकायला मागा. तुमच्या ठिपक्यांच्या ओळी त्यांच्यापेक्षा वाकड्या येतील अशी माझी अटकळ आहे, आणि तुमच्यासारख्या सराईत हाताला ते फार गरजेचे आहे.

मुलीबाबत मात्र थोडी खबरदारी घ्यावी लागेल. तिचा हेवा वाटणे स्वाभाविक आहे, आणि हेव्यातून माणूस दोन चुका करतो: तिच्याकडून शिकायला बसतो किंवा तिला शिकवायला बसतो. ‘ळ’चा चष्मा पाहून तुमच्या मनात एखादे बालपुस्तक, निदान एखादी मालिका आली असेल, आली असेल तर ती तेथेच राहू द्यावी. त्या चष्म्याचा फोटोही काढू नये, आणि तो काढून पाहुण्यांना दाखवला असेल तर पुन्हा दाखवू नये. शेजारी बसायचे, आपल्या पाटीवर आपले करायचे, तिने विचारले तरच बोलायचे. ‘ळ’ सुधारून देण्याची ऊर्मी येईल तेव्हा ब्रश वाटीत बुडवावा, तेवढा वेळ पुरेसा होतो.

राहता राहिली ती कार्यशाळा. माझ्या मते करू नये. शिकवणारे वाईट असतील म्हणून नव्हे. दोन दिवसांचे शुल्क भरलेला माणूस तिसऱ्या दिवशी ‘यातून मला काय मिळाले’ असे विचारणारच, आणि त्याने ते विचारावेही, कारण पैसे त्याचे आहेत. त्या पैशात चांगला कागद घ्यावा आणि तो व्यवसायाच्या कामाला वापरावा.

आणि ते उरलेले 59 दिवस. ते पूर्ण करू नयेत, आणि उपक्रम थांबवल्याची जाहीर सूचनाही देऊ नये. कोणी विचारलेच तर 41व्या अक्षरावर थांबले असे सांगावे. त्या वहीची कोरी पाने मुलीला देऊन टाका आणि बदल्यात तिची पाटी थोडे दिवस उसनी मागून पाहा. ती देईलच असे नाही, सहा वर्षांच्या मुलांना पाटी फार लागते. तेव्हा बाजारातून दुसरी आणलेली बरी, आणि आणाल तेव्हा लाकडी चौकटीचे खिळे नीट ठोकलेले आहेत ना हे पाहून घ्या, ओल्या हाताला ते लागतात.